विसावा कोणाचा?

कोल्हापूरकरांना गोवा परका नाही. राधानगरी, दाजीपूर मागे टाकून फोंडा घाट उतरला, की काही तासांत पणजी गाठता येते. मांडवीच्या काठचे हे टुमदार शहर १८४३ साली गोव्याची राजधानी झाले. फोन्तेन्यशमधील रंगीत घरे, निष्कलंक मातेच्या चर्चपुढील पांढऱ्याशुभ्र पायऱ्या, मिरामारची वाळू आणि सायंकाळी बाल्कावांवर निवांत बसलेली माणसे पाहिली, की मनाचा ताण आपोआप सैल होतो. या वृत्तीला गोमंतकीय ‘सुशेगाद’ म्हणतात. बाहेरच्यांना तो आळस वाटतो. वस्तुतः ते समाधान आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये, जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले असताना, आम्ही काही कुटुंबांसमवेत तेथे गेलो होतो. रविवारी सकाळी मिस्सा व दर्शन आटोपून दुपारी पणजीत आलो. जेवणाच्या मेजावर कोणी गोडसर पोर्ट वाइन मागविली. तेव्हा एका वृद्ध भगिनीने हळूच विचारले, “फादर, आलो यात्रेला आणि करतोय मौज. हे पाप तर नाही ना?”

आम्ही हसून काना गावच्या लग्नाची आठवण दिली. प्रभूने आपले पहिले चिन्ह घडविले ते एका मेजवानीत, आणि सहा दगडी रांजण भरतील एवढा द्राक्षारस दिला. अतिरेक त्याज्य आहे, आनंद नव्हे, असे आम्ही सांगितले. त्यांचे समाधान झाले.

आमचे मात्र थोड्याच वेळात हरपले. मासळी यायला उशीर झाला म्हणून आम्ही वाढणाऱ्या मुलाला जरा फटकारले. तो ओशाळला. वाकून ताट ठेवताना त्याच्या गळ्यातील क्रूस बाहेर आला. चौकशी केली तेव्हा कळले, की तो झारखंडचा, आपल्याच श्रद्धेचा. “मिस्साला गेला होतास का?” आम्ही विचारले. तो म्हणाला, “फादर, रविवारी पाहुणे जास्त असतात.”

ते पाहुणे म्हणजे आम्हीच होतो.

भगिनीचा प्रश्न खरा होता, पण तो अपुरा होता. आपण विसावा घ्यावा की नाही, एवढेच विचारून भागत नाही. आपल्या विसाव्याचा भार कोण वाहतो, हेही विचारावे लागते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा केवळ घरधन्यासाठी नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परदेशी यांनाही ती विसावा देते. कारणही तेथेच सांगितले आहे: तुम्हीही एके काळी मिसर देशात दास होता. कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील २१८७ वा परिच्छेद हेच बजावतो, की दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशी अनावश्यक मागणी कोणी करू नये.

कोणी म्हणेल, पाहुणे आले नाहीत तर त्या मुलाची रोजी कशी चालेल? हा आक्षेप रास्त आहे. प्रवास सोडा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु पैसे मोजले म्हणजे माणसाचे देणे फिटले, असे होत नाही.

संत फ्रान्सिसही या भूमीत पाहुणेच होते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले, तेव्हा ते शहर वैभवात होते. त्यांनी मुक्काम केला तो रुग्णालयात. रुग्णांची सेवा करावी, तुरुंगातील बंद्यांना भेटावे, घंटा वाजवीत मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करावे, असा त्यांचा क्रम होता. गोवा त्यांनीही पाहिला, पण तो सेवकाच्या बाजूने.

कानाच्या वृत्तान्तात संत योहान एक बारीक गोष्ट नोंदवितो. द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते. पाणी भरणाऱ्या सेवकांना ते ठाऊक होते. मेजवानी सर्वांनी चाखली, चमत्कार मात्र राबणाऱ्यांनी पाहिला.

परतताना घाट चढत असता आम्हांला आमच्याच धर्मग्रामातील घरे आठवली. रविवारी मिस्साहून परतून आपण निवांत जेवतो, तेव्हा मोरीत भांडी घासणारी बाई कोणत्या दिवशी विसावते? हे आपण तिला कधी विचारले आहे काय? सुशेगादपण शिकायला आपण पणजीला जातो. ते त्या बाईच्या वाट्याला येईल, तेव्हाच आपल्या घरी आले असे म्हणता येईल.