पावती आणि निरोप
गेल्या आठवड्यात शेजारच्या आजींना एक अर्ज ऑनलाइन भरून दिला. ‘सादर करा’ दाबलं, पान बदललं आणि वर हिरव्या पट्टीत अर्ज क्रमांक झळकला. आजी वही आणायला आत गेल्या, तेवढ्यात फोन आला. बोलणं संपवून पाहतो तर ब्राउझरने पान पुन्हा लोड केलं होतं. पट्टी नाही, क्रमांक नाही. सगळ्या संकेतस्थळावर तो शोधला, कुठेच सापडला नाही.

ही पट्टी म्हणजे प्रोग्रामरांचा ‘फ्लॅश मेसेज’. ती सोय विसरण्यासाठीच घडवली आहे. तिच्या भरवशावर पावती देणं ही शुद्ध हयगय आहे.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला मागची विनंती आठवत नाही; त्यावर १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ब्राउझरमध्ये ठेवायच्या छोट्या नोंदीची, म्हणजे कुकीची, तोड काढली. रिफ्रेश केल्यावर तोच फॉर्म दुसऱ्यांदा जाऊ नये म्हणून काम उरकताच ब्राउझरला दुसऱ्या पानावर धाडण्याची रीतही रुळली. पण मग काम एका विनंतीत होतं आणि पान दिसतं पुढच्या विनंतीत. ‘झालं बरं का’ हे सांगणारी मधली चिठ्ठी म्हणजे फ्लॅश. २००४ मध्ये आलेल्या ‘रेल्स’ या संकेतस्थळं बांधण्याच्या चौकटीमुळे ती घरोघरी पोचली.

रेल्सने चिठ्ठीचं आयुष्य विनंत्यांवर मोजलं: पुढची एक विनंती, की चिठ्ठी पुसली. ‘जँगो’ या तशाच दुसऱ्या चौकटीने हिशोब वेगळा धरला. मे २०१०च्या १.२ आवृत्तीत आलेल्या व्यवस्थेत निरोप वाचला जाईपर्यंत राहतो, मध्ये कितीही विनंत्या होवोत. इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘वाचला’ म्हणजे माणसाने वाचला, असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात पान रचणाऱ्या टेम्प्लेटने निरोपांच्या यादीवरून एक फेरा मारला की सर्व्हरच्या लेखी तो वाचला गेला. तेव्हा पान सर्व्हरवरून निघालेलंसुद्धा नसतं. निरोप सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरकडच्या त्या भेटीच्या नोंदीत, ठेवलेला असेल, तर उत्तर वाटेत हरवलं तरी तो पुसलेलाच असतो. दोन टॅब उघडे असतील तर एकाचा निरोप दुसऱ्यात उमटू शकतो. जँगोच्या दस्तऐवजांतच तसं बजावलेलं आहे. म्हणजे मोजमाप बदललं, तरी माणसाच्या डोळ्यांपर्यंत ते कधी आलंच नाही.

यात मला त्या रचनेचा दोष दिसत नाही. मराठीत निरोप म्हणजे सांगावाही आणि रजा घेणंही. फ्लॅश दोन्ही अर्थांनी निरोपच आहे. ‘झालं’ एवढं सांगून त्याने जावं. पण अर्जाचा क्रमांक डेटाबेसमध्ये असतो, त्याला स्वतःचं पान देता येतं, ते पान उद्या, परवा, वर्षानेही उघडता येतं. फ्लॅशने फक्त त्या पानाकडे बोट दाखवायचं. अर्ज घेणाऱ्याने हे केलं नाही, म्हणून आजींनी वहीत क्रमांकाच्या जागी तारीख आणि वेळ लिहून ठेवली आहे. सोमवारी ती वही घेऊन त्या रांगेत उभ्या राहणार आहेत.