कावळ्याला सांगण्यापूर्वी माणसाला सांगा



जुन्या धर्मातील दहाव्या दिवसाचा देखावा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नदीकाठी पिंड मांडलेला असतो. कावळा शिवत नाही. मग नातेवाईक हात जोडून म्हणतात, "तुमच्या लेकरांना अंतर देणार नाही. भावाचा हिस्सा देऊन टाकू." जे शब्द खाटेवरच्या माणसाला ऐकवायचे, ते तो गेल्यावर कावळ्याला ऐकविले जातात!

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतल्याने नुसता खर्च वाचला असे नव्हे, तर आपल्यावर एक जबाबदारी आली. मेल्यानंतर समेट घडविणारा विधी आता आपल्याकडे नाही, क्षमा करणारा देवही नाही. म्हणून मनातील गाठ माणसांनी जिवंतपणीच सोडविली पाहिजे.

तथागतांनी हे स्वतः करून दाखविले. पावा येथे चुंद लोहाराकडे भोजन घेतल्यावर त्यांना रक्ताची हगवण लागली. तशा स्थितीत कुशिनाऱ्याकडे जाताना त्यांनी आनंदाला सांगून ठेवले की, लोक चुंदाला बोल लावतील व तो मनात झुरेल. तेव्हा त्याला सांग, संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन ही दोन्ही सारख्याच पुण्याची आहेत. स्वतःचे शरीर वेदनेने पिळवटत असता त्यांना काळजी होती ती मागे राहणाऱ्या माणसाच्या मनाची!

आता आपल्या गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या गावांकडे पाहा. धुऱ्यावरून सख्खे भाऊ बोलत नाहीत. एका घराने दीक्षा घेतली, काकाच्या घराने घेतली नाही, म्हणून दोन्ही चुली तुटल्या. असा काका अंथरुणाला खिळला असेल तर त्याच्या घरी जा. तेथे देवापुढे हात जोडावे लागत नाहीत; काकाचा हात हातात घ्यावा लागतो. "काका, माझं चुकलं, तुमच्याबद्दल मनात काही नाही," एवढे बोलणे पुरे. आजारी माणसाची शुद्ध असेपर्यंत हे करा. त्रिशरण-पंचशील म्हणण्यासाठी लोक जमतीलच, पण दुरावलेल्या भावाला निरोप आधी धाडा.

मात्र क्षमा म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे नव्हे. 20 मार्च 1927 रोजी महाडला आपल्या माणसांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी सूड घेऊ दिला नाही. पण तळ्यावरचा हक्कही सोडला नाही. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात तो खटला आपण जिंकला. द्वेष सोडायचा, हक्क सोडायचा नाही.

ज्याने भावाची जमीन दाबली, त्याने नुसते रडून भागणार नाही. दुसरे शील सांगते की, न दिलेले घेऊ नये. त्याने तलाठ्याकडे जाऊन फेरफार करून द्यावा, मग माफी मागावी. आणि जिने आयुष्यभर नवऱ्याचा मार सोसला, त्या माउलीला "आता तो मरतो आहे, माफ कर" असे कोणी दटावू नये. क्षमा मागता येते, वसूल करता येत नाही.

बंधूंनो, पुढल्या पौर्णिमेला वंदना करण्यापूर्वी घरात एकच प्रश्न विचारा : आपल्यापैकी कोण कोणाशी बोलत नाही? उत्तर मिळाले की त्याच दिवशी चप्पल घाला आणि निघा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!