चापाचे वजन

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी, मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एक वडीलधारे गृहस्थ कचेरीत येऊन बसले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षे फिटर म्हणून काम करून ते निवृत्त झालेले. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फादर, एक गोष्ट विचारायची आहे. कबुली नाही, नुसताच प्रश्न." पुढे जे लिहीत आहोत ते त्यांच्या अनुमतीनेच.

त्यांचा एक जुना स्नेही उल्हासनगरात सराफी करतो. त्याच्यापाशी परवाना असलेले .३२ बोअरचे लहान रिव्हॉल्व्हर आहे. कित्येक वर्षे ते चामडी म्यानात, कपाटात पडून होते. आपल्याकडच्या दमट हवेत चामडे ओल धरून ठेवते आणि आतले पोलाद गंजते. चाप ओढला की तो पुन्हा पुढे येईना, एवढी त्याची स्प्रिंग निकामी झाली होती. सराफाचे म्हणणे असे, की परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे हेलपाटे कोण घालणार? तुम्ही आयुष्यभर हेच केले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ध्या तासात बदलून द्या. आणि द्यायचीच, तर दोन्ही स्प्रिंगा जरा हलक्या घाला. माझी बोटे आता संधिवाताने आखडली आहेत, चाप ओढवत नाही.

आम्ही तत्काळ उत्तर दिले, आणि ते घाईचे होते हे आज मान्य करतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमात शस्त्रांचे उत्पादन आणि विक्री यांच्या पंक्तीतच दुरुस्तीही बसवलेली आहे. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. तेव्हा हात लावू नका, असे आम्ही म्हणालो.

ते शांतपणे म्हणाले, "कायदा मला ठाऊक आहे, फादर. मी पाप आहे का, ते विचारतोय." आणि थोड्या वेळाने, आमच्याकडे न पाहता, "चौतीस वर्षे जे केले ते पाप नव्हते. त्या पगारातून या देवळाला वर्गणी दिली, ती तुम्ही घेतलीत. मग एक स्प्रिंग तेवढी पाप कशी?"

वाचकहो, सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला असा विद्यार्थी भेटला असता तर प्राध्यापकांचीही पंचाईत झाली असती.

आपल्या या पट्ट्यात हा प्रश्न कुणा एकाचा नाही. अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी आहे आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीही आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन त्या दोन वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत गेल्या, एवढेच. भोंगा तोच आहे. अंबरनाथ-बदलापुरातील किती घरांची चूल या भोंग्यावर पेटली, किती मुलांचे शिक्षण त्यावर झाले, हे आम्ही पाहिलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात देशरक्षणासाठी लष्करात असलेल्यांचा गौरव केला आणि त्याच दस्तऐवजात शस्त्रस्पर्धेला मानवजातीवरची भयंकर आपत्ती मानले. या दोन विधानांच्या मध्ये आमचा फिटर चौतीस वर्षे उभा होता. त्याला तिथे उभा ठेवून आम्ही मात्र कधी त्याची विचारपूस केली नाही.

आता स्प्रिंगेकडे येऊ. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले, की स्वतःचा जीव वाचवताना हल्लेखोराचा मृत्यू ओढवला, तर हेतू रक्षणाचा आणि बळ गरजेपुरतेच असल्यास तो खून ठरत नाही. पाचव्या आज्ञेचे विवेचन करताना चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाने हाच विचार स्वीकारला आहे. दुसऱ्याच्या कृत्याला हातभार लावणाऱ्याविषयी संत आल्फोन्सस लिगोरी यांनी सूक्ष्म भेद केला: त्याच्या दुष्ट हेतूत सहभागी होणे वेगळे आणि त्याला केवळ साधन पुरवणे वेगळे. सराफाचा हेतू दुष्ट नाही. त्याचे वडील फाळणीत सर्व गमावून, जुन्या लष्करी छावणीच्या बराकीत आले. १९४९ साली त्याच छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. उल्हासनगरी मालाची थट्टा आपण सारेच करतो. पण एकदा सर्वस्व गमावलेल्या घराची भीती थट्टेवारी नेण्याजोगी नसते. तेव्हा केवळ नादुरुस्त भाग बदलणे हे स्वभावतःच पाप आहे, असे आम्हांला म्हणता येत नाही. कायदा मोडणे हा दोष आहेच, आणि तो लहान नाही. परवानाधारकाच्या दुकानात नोंदवही असते, काही बिघडले तर उत्तर देणारा माणूस असतो. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तसा कोणी नसतो.

परंतु "हलकी" या शब्दापाशी आम्ही अडलो. त्याचा अर्थ आम्हांला त्या फिटरनेच समजावला, कागदावर आकृती काढून. अशा रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न चढवता थेट चाप ओढायचा, तर साधारणपणे चार-पाच किलोंचा जोर लागतो. तेवढ्या ओढीतच घोडा मागे जातो, गोळ्यांचे चक्र फिरून पुढची गोळी नळीसमोर येते, आणि मग घोडा सुटतो. मुख्य स्प्रिंग हलकी केली तर घोड्याचा आघात दुबळा होतो. गोळीच्या बुडाची टोपी कधी पेटत नाही, कधी क्षणभर उशिराने पेटते, आणि "उडाली नाही" असे समजून माणूस नळी भलतीकडे वळवतो. चाप परतवणारी स्प्रिंग हलकी केली तर मूळचाच रोग परत येतो. "आणि फादर," ते म्हणाले, "त्याच्या घरी सहा वर्षांचा नातू आहे. चाप जितका हलका, तितका तो त्या पोराच्या बोटालाही ओढायला सोपा."

उत्तर त्यांच्यापाशीच होते. ते चार-पाच किलो म्हणजे यंत्राचा दोष नव्हे. माणसाच्या मनात आले आणि घडले, या दोहोंमध्ये कारागिराने मुद्दाम ठेवलेली ती जागा आहे. ती कमी करून देणे म्हणजे दुसऱ्याचा विचार करण्याचा अवकाश कमी करून देणे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, खुद्द पोलिसांच्या दालनात, गोळ्या झाडल्या गेल्या. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. आम्ही एवढेच पाहतो, की वर्दीच्या उपस्थितीनेही त्या क्षणी कोणाचे बोट अडले नाही. परवाना शस्त्राला मिळतो, रागाला मिळत नाही.

गेथशेमनीच्या रात्री पेत्राने तरवार उपसून मल्खसाचा कान कापला. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू त्या कानाला स्पर्श करून तो बरा करतो. त्या रात्री दुरुस्ती झाली ती एवढीच. तरवार पेत्रापाशी कशी आली, तिला धार कोणी लावून दिली होती, हे शास्त्र सांगत नाही. त्या धार लावणाऱ्याविषयी आम्ही त्या दिवसापूर्वी कधी विचारही केला नव्हता.

आम्ही त्यांना सांगितले: हलकी स्प्रिंग कदापि घालू नका, आणि दुरुस्तीही तुमच्या हाताने नको. स्नेह्याने स्वतः शस्त्र रिकामे करून, परवाना बरोबर घेऊन, अधिकृत दुरुस्तीवाल्याकडे जावे. तुम्ही सोबत जा आणि काय बिघडले आहे ते सांगा. बोटे चालत नसतील, तर शस्त्र जमा करण्याची वेळ आली आहे, हेही त्याला सांगा. चौतीस वर्षांच्या प्रश्नावर मात्र आम्ही एवढेच म्हणालो, की ते ओझे तुम्ही एकट्याने वाहावे असे नाही. त्या वर्गणीच्या पावतीवर सही आमची आहे.

त्यांनी आकृतीच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. सराफाला त्यांनी सारे सांगितले. तो रागावला. दर दिवाळीला त्याच्या घरून मिठाईचा डबा येत असे, तो या खेपेस आला नाही. परवा मिस्सेनंतर ते विचारत होते, नाताळाचा फराळ नेहमीप्रमाणे आपण त्याच्याकडे पाठवावा का. आम्ही पाठवा म्हणालो. डबा घेऊन कोणी जावे, यावर त्यांच्या घरात अजून एकमत झालेले नाही.