कौशल्याची कमाई

डोंबिवलीत लग्नाच्या बोलणीत "मुलगा काय करतो?" या प्रश्नाची उत्तरं ठरलेली असतात. आयटीत आहे, बँकेत आहे, ठाण्याला स्वतःचा क्लास आहे. "घरी बसून ऑनलाइन पोकर खेळतो, त्यावर घर चालतं" असं कुणी सांगितलं, तर समोरची मंडळी चहाचा कप खाली ठेवतील. 'जुगारी' हा शब्द कुणी उच्चारणार नाही. "कळवतो" म्हणतील आणि उठतील.

आता तर हे उत्तर देण्याची सोयच उरलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं गुन्हा ठरलं, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. अड्डा५२, पोकरबाझी यांसारख्या कंपन्यांनी लगेच पैशांचे डाव थांबवले. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायद्याच्या नजरेत तो गुन्हेगार नाही, फसलेला माणूस आहे.

पण काहीजण फसलेले नव्हते. ते कमावत होते. त्यांची कमाई प्रामाणिक होती का, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

आधी हे काम काय होतं ते पाहू. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि पाच पत्ते सगळ्यांत सामाईक असतात. दोन एक्के हातात येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. ते आले आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तरी शंभरातले अठराएक डाव तुम्ही हरता. म्हणजे सगळं बरोबर करूनही हरण्याची सवय हवी.

किती सवय? समजा, तुम्ही चांगले खेळाडू आहात आणि दर शंभर डावांमागे पाच 'बिग ब्लाइंड' कमावता. बिग ब्लाइंड म्हणजे डावातली सक्तीची मोठी बोली. या खेळातले चढउतार इतके मोठे असतात, की दहा हजार डावांनंतरही तुम्ही तोट्यात असण्याची शक्यता दहात तीनच्या आसपास येते. चार टेबलं एकदम उघडून तासाला तीनशे डाव खेळलात, तरी दहा हजार डावांना ३३ तास लागतात. म्हणजे आठवडाभर राबायचं आणि खिशातून पैसे जायचे. यात तुमची काही चूक नाही.

म्हणून इथे टिकायला हुशारीपेक्षा कोरडेपणा जास्त लागतो. घरभाड्याचे पैसे आणि खेळाचे पैसे वेगळे. हरल्यावर डोकं फिरलं, खेळाडूंच्या भाषेत 'टिल्ट' झालं, की लॅपटॉप बंद. प्रत्येक डावातून कंपनीचा वाटा कापला जायचा. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर, ऑक्टोबर २०२३ पासून खात्यात भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. सकाळची फास्ट लोकल चुकवण्याची ही किंमत काही कमी नव्हती.

मग याला जुगार का म्हणायचं? इथे कौशल्याचा मुद्दा येतो आणि तो जुना आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जुगार हा व्यापार नव्हे, पण कौशल्याची स्पर्धा व्यापार असू शकते. १९६८ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरली. पोकरबद्दल न्यायालयांचं एकमत झालं नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा मानला, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याचा.

खेळाडू साहजिकच कौशल्याच्या बाजूने बोलतात. माझ्या मते तथ्य त्यांच्याच बाजूने आहे. लाखभर डावांनंतर कोण जिंकतं, हे नशीब ठरवत नाही. पण ज्या मुद्द्याने न्यायालयात सुटका होते, तोच मुद्दा नीतीच्या प्रश्नात गळ्याशी येतो.

मटक्याशी तुलना करून बघा. 'कल्याण मटका' हे नाव ऐकून अनेकांना वाटतं, की तो आपल्या कल्याणचा. खरं तर ते नाव १९६२ मध्ये हा धंदा सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्यावरून आलं. मटक्यात आकडा लावणारे सगळे सारखेच आंधळे. शेजारचा जिंकला तर त्याचं नशीब, त्याने तुम्हाला ओळखून लुटलेलं नसतं. पोकरमध्ये नेमकं हेच होतं. टेबलावर बसलेल्या कमकुवत खेळाडूला 'फिश' म्हणतात, मासा. व्यावसायिकाचं पहिलं कौशल्य म्हणजे मासे असलेलं टेबल शोधणं. आपल्याइतक्याच तयारीच्या खेळाडूंमध्ये बसला, तर कंपनीचा वाटा देऊन तोही तोट्यात जातो. म्हणजे त्याचा पगार कुठून येतो? घोडबंदरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये रात्री एक वाजता, हप्त्यांच्या ताणाखाली, "आज वसूल करतो" म्हणून बसलेल्या माणसाकडून. खेळ जितका कौशल्याचा, तितकं हे जाणूनबुजून.

यावर एक चांगलं उत्तर आहे. बाजारात सगळेच एकमेकांच्या अज्ञानावर जगतात. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. तो पैसाही कुणाच्या तरी खिशात गेलाच. त्या माणसाला आपण 'ट्रेडर' म्हणतो आणि मुलगी देतो.

हे उत्तर ढोंग उघडं पाडतं, पण पोकरला निर्दोष ठरवत नाही. दोन गोष्टी सारख्या असतील, तर दोन्ही चांगल्या असतील किंवा दोन्ही वाईट.

दुसरं उत्तर संमतीचं. समोरचा सज्ञान आहे, स्वतःहून बसला आहे. पण त्याला काय माहीत आहे? ऑनलाइन बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग नावाशेजारी दिसतं. पोकरच्या टेबलावर नुसतं टोपणनाव असतं. त्यामागे गंमत म्हणून बसलेला कॉलेजचा पोरगा आहे की समोरच्याच्या सवयींची मोजदाद ठेवणारा माणूस, हे कळायला मार्ग नाही.

महाभारतात या प्रश्नाला दोन दाखले आहेत. नल राजा द्यूतात सगळं गमावतो, मग ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या शिकतो. परत येऊन पुष्कराला हरवतो, राज्य घेतो आणि पुष्कराचा वाटा त्याला परत देऊन मोकळं करतो. विद्या आल्यावर नल रोज पुष्कराला खेळायला बोलावत नाही. दुसरा दाखला धर्मराजाचा. हीच विद्या तो बृहदश्व ऋषींकडून शिकतो आणि अज्ञातवासात कंक नाव घेऊन विराटाच्या दरबारात फासे खेळून राहतो. जिंकलेलं धन विराटाच्या नकळत भावांना वाटतो. टोपणनाव, तयारी, समोरचा अनभिज्ञ. धर्मराजाने हे केलं खरं, पण त्याला ते लपून करावं लागलं.

मला यातून एक कसोटी मिळते. डाव सुरू होण्याआधी समोरच्याला खरं सांगता येईल का? "मी आठवड्याला चाळीस तास हेच करतो. तुमच्यासारख्यांमुळेच माझं घर चालतं. आज कदाचित तुम्ही जिंकाल, पण वर्षभर बसलात तर हराल." हे ऐकून तो हसून बसला, तर ती कमाई मला खेळाडूची वाटते. हे सांगितल्यावर ज्याचा धंदाच बसतो, त्याचं कौशल्य कितीही खरं असो, तो विकत असतो समोरच्याचं न कळणं.

या कसोटीवर बहुतेक पोकरपटू नापास होतील. पण ती फक्त त्यांच्यासाठी नाही. बंदीने टेबलं गेली, कौशल्य असलेली माणसं गेली नाहीत. कुणी ऑप्शन्सकडे वळेल, कुणी त्याचे कोर्स विकेल, कुणी गोव्याच्या कॅसिनोत जाईल. आणि आपण बाकीचे? क्लासच्या जाहिरातीत निकाल लागलेल्या दहाजणांचे फोटो लावतो आणि उरलेल्यांचं बोलत नाही. विमा विकताना कमिशनचा आकडा सांगत नाही. ॲप बनवताना 'रद्द करा'चं बटण कोपऱ्यात ठेवतो.

समोरच्याला सगळं कळलं तर माझा पगार किती उरेल, हा हिशेब पोकर न खेळणाऱ्यांनाही मांडून बघता येतो.