शेजाऱ्याची फिल्म

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका निवृत्त हेडक्लार्कांना जन्मभर एक खोड. आपल्या पोराचे मार्क विचारायच्या आधी शेजारच्या पोराचे विचारायचे. (मराठी घरांत ही खोड वारशानं येते.) मोटारसायकलच्या अपघातात मुलाच्या मेंदूला सूज आली, डॉक्टरांनी कवटीचा उजवा तुकडा काढून त्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला आणि सूज उतरल्यावर परत बसवला. तरी खोड गेली नाही. योग असा, की शेजारच्या पोराचंही असंच ऑपरेशन झालेलं. “तो दुकानावर बसायला लागला, अन् हा अजून टोपी घालून घरात!”

वर्षभरानं टाटीबंधला एम्समध्ये मुलाचा सीटी स्कॅन झाला. काकांनी पिशवीतून शेजाऱ्याकडून मागून आणलेली फिल्म काढून डॉक्टर मॅडमपुढे धरली. “मॅडम, दोघांत कुणाचं हाड पक्कं?”

“काका, फिल्मवर हाडाच्या घनतेचा आकडा मोजता येत नाही, तो कॉम्प्युटरवर मोजायचा. पाणी शून्य, हवा उणे १०००, घट्ट हाड हजाराच्या वर. हाउन्सफील्ड नावाच्या इंग्रज अभियंत्याचं हे माप. त्यांना १९७९ साली नोबेल मिळालं, पण पोरांची शर्यत लावल्याबद्दल नव्हे. यंत्र बदललं, व्होल्टेज बदललं, की आकडाही हलतो.”

मॅडमनी बसवलेल्या तुकड्यावर छोटं वर्तुळ काढलं, स्क्रूंपासून लांब, कारण धातूच्या चमकेजवळ आकडा फसवतो. मग तसंच वर्तुळ डाव्या बाजूला, बरोबर समोर. “याचं माप याच्याच डोक्याच्या दुसऱ्या बाजूला आहे.”

मधला भाग जवळपास बरोबरीचा निघाला. मागची कड मात्र ऑपरेशननंतरच्या जुन्या स्कॅनपेक्षा पातळ. बसवलेलं हाड शरीर कधीकधी हळूहळू शोषून घेतं, कोवळ्या वयात जास्तच, आणि सुरुवातीला वरून हात फिरवून ते कळत नाही.

“सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर गाडी बंद.”

“आणि शेजाऱ्याच्याचं?” काका सोडतात कसले!

मॅडमनी फिल्मच्या कोपऱ्यातली तारीख दाखवली. काकांनी हिशेब केला. हाड बसवल्याचा दुसरा दिवस.

“तेव्हा सगळ्यांचंच छान दिसतं. त्यानंतर तो दाखवायला आलाच नाही का?”

संध्याकाळी काका फिल्म परत द्यायला गेले. शेजाऱ्यांनी दारातच विचारलं, “काय मग, तुमच्याचं किती आलं?”

“ते राहू द्या. मंगळवारी पोराला घेऊन एम्सला चला. सकाळी लवकर निघू, मी येतो बरोबर.”