एच-१बी सुधारणांची कसोटी

अमेरिकेने १९९०च्या स्थलांतर कायद्याने उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठी एच-१बी व्हिसा आणला आणि वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घातली. २००४च्या कायद्याने अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा दिल्या. अर्ज जागांच्या कित्येक पट येत असल्याने वर्षानुवर्षे सोडत काढून निवड होत आली.

ही सोडत आंधळी होती, हा आक्षेप खरा होता. सप्टेंबर २०२५मध्ये सरकारने मांडलेल्या प्रस्तावात वेतनाच्या चार स्तरांनुसार उमेदवाराचे नाव सोडतीत एक ते चार वेळा घालायचे होते. निव्वळ नशिबापेक्षा हे बरे. पण हे स्तर त्या त्या व्यवसायाच्या आणि भागाच्या मानाने ठरतात. बेताच्या पगाराच्या व्यवसायातला मुरलेला माणूस चौथ्या स्तरावर बसतो; त्याच्याहून जास्त कमावणारा, पण आपल्या क्षेत्रात नवखा असलेला संशोधक पहिल्यावरच राहतो. त्याच महिन्यात परदेशातील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. मोठ्या कंपन्यांना ते जड जाईल. छोटा उद्योग किंवा ग्रामीण रुग्णालय मात्र अर्जच करणार नाही.

मूळ दुखणे निवडीच्या पुढे आहे. व्हिसासाठी अर्ज मालक करतो, आणि त्याची मुदत एरवी सहा वर्षांची. कायम वास्तव्यासाठी नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे मिळतात. त्यांत जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, शिवाय एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. एच-१बीधारकांत बहुसंख्य भारतीय असल्याने पुण्याहून गेलेल्या अभियंत्याच्या वाट्याला दशकांची प्रतीक्षा येते. या काळात व्हिसा वाढवून मिळतो, नोकरीही बदलता येते. पण नव्या मालकाला पुन्हा अर्ज करावा लागतो, नोकरी गेली तर फार तर साठ दिवसांची सवलत मिळते, आणि रांगेतच एकवीस वर्षांची झालेली मुले आईवडिलांच्या अर्जातून गळतात. एवढे पणाला लागलेला माणूस पगारवाढ कशी मागणार? त्याचा दबलेला पगार शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकी सहकाऱ्याचाही पगार दाबून ठेवतो. म्हणून सुधारणा जोखताना आधी पाहायला हवे, की तिच्यामुळे कर्मचाऱ्याला नोकरी सोडणे सोपे होते का.

देशनिहाय मर्यादा काढणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने २०१९मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सिनेटने २०२०च्या डिसेंबरात वेगळा मसुदा स्वीकारला, आणि कायदा झालाच नाही. तो झाला असता तरी एकूण आकडा तोच राहिल्याने भारतीयांची प्रतीक्षा घटून इतरांची वाढली असती. कुटुंबीयांना त्या आकड्यातून वगळणे आणि ग्रीन कार्डासाठी मालकाचा अर्ज मंजूर होताच नोकरी बदलण्याची मोकळीक देणे, या दोन दुरुस्त्या त्याहून मोलाच्या आहेत.