मुलाचे वर्ष आपल्याला ठाऊक आहे का?

जून महिन्याच्या मध्याला शाळा उघडतात. बारामतीच्या आणि इंदापूरच्या बाजारपेठेत दप्तरे, वह्या, रेनकोट आणि गणवेश घेणाऱ्यांची गर्दी होते. आपण पालक, प्रसंगी उसनवारी करून, मुलाची तयारी करतो. पहिल्या दिवशी त्याला वर्गाच्या दारापर्यंत सोडतो आणि मनातल्या मनात म्हणतो, 'चला, पोरगं शाळेत गेलं, आता काळजी नाही.' त्यानंतर शाळेची खरी आठवण होते ती निकालाच्या दिवशी. मधले महिने कसे गेले, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगता येणार नाही. म्हणून आज आपण स्वतःला एक साधा प्रश्न विचारू या. मुलाला शाळेत पाठवले की आपले कर्तव्य संपते का? की त्याचे वर्ष कसे चालले आहे हे जाणून घेणे हाही त्या कर्तव्याचाच भाग आहे?

एके काळी शाळेत पाठवणे हीच मोठी गोष्ट होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवावा लागला. त्या काळी एक रुपया म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. पुढे २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना शिक्षण मिळवून देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरले, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आज दंडाची भीती दाखवावी लागत नाही. अडाणी आईसुद्धा 'मी नाही शिकले, पण माझी लेक शिकली पाहिजे' असे म्हणते. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण या आनंदाला एक दुसरी बाजू आहे. 'प्रथम' या संस्थेचा 'असर' नावाचा अहवाल ग्रामीण भारतातील मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्याकडून वाचून घेऊन तयार होतो. २०१८ च्या अहवालात असे दिसले की पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूरही वाचता येत नव्हता. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ च्या अहवालात स्थिती आणखी खालावलेली दिसली. २०२४ मध्ये ती थोडी सावरली, एवढेच. ही मुले शाळेबाहेरची नव्हती. त्यांची नावे पटावर होती, त्यांच्याकडे पुस्तके होती, वर्षामागून वर्ष ती वरच्या वर्गात जात होती. त्यांच्या आईवडिलांना हे ठाऊक होते का? बहुतेकांना नसावे. मूल शाळेत आहे म्हणजे शिकते आहे, असे त्यांनी धरून चालले होते.

धरून चालणे. शुभवर्तमानात योसेफ आणि मरिया यांच्याबाबतीतही हेच घडले होते. वल्हांडण सण आटोपून ती दोघे यरुशलेमहून परत निघाली. बारा वर्षांचा येशू वाटेवरच्या लोकांत कुठेतरी असेलच, असे समजून ती एक दिवसाची वाट चालून गेली. ती निष्काळजी आईबाप नव्हती. घोळका ओळखीचा होता, नातलगांचा होता, म्हणून विचारावेसे वाटले नाही. एका दिवसाच्या गृहीत धरण्याची भरपाई करायला त्यांना तीन दिवस लागले. आपण तर पहिली ते चौथी अशी चार-चार वर्षे गृहीत धरतो.

या चार वर्षांत आपली फसगत होणे फार सोपे आहे. पूर्वी मूल नापास झाले की आईवडिलांना निदान कळत असे. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरवले. २०१९ मध्ये त्यात बदल झाला आणि महाराष्ट्रात २०२३ च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. तिथे फेरपरीक्षेतही जमले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. पहिली ते चौथी मात्र सगळेच पुढे जातात. लहान जीवाच्या कपाळावर नापासाचा शिक्का बसू नये, हा हेतू चांगलाच आहे. परंतु त्यामुळे निकाल आता धोक्याची घंटा वाजवत नाही. ऑगस्ट २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. प्रगतिपुस्तकात श्रेणी असते, शेजारी शिक्षकांच्या हातच्या नोंदी असतात. आपण श्रेणी पाहतो, सही किंवा अंगठा करतो आणि नोंदी न वाचताच पुस्तक परत देतो. खरी माहिती त्या नोंदींमध्येच असते.

मग पालकाने नेमके काय जाणून घ्यावे? याचे उत्तर कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतले एक असे की शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, अभ्यासातली प्रगती आणि इतर आवश्यक माहिती त्यांना सांगावी. शिक्षकाने सांगणे हे कर्तव्य असेल, तर पालकाने ऐकायला जाणे हेही कर्तव्यच ठरते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. आपली काही मुले अशा शाळांत आहेत. परंतु मुलाविषयीची आपली जबाबदारी कायद्याच्या कलमातून आलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडील हेच मुलाचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले आहे. शाळा त्यांना मदत करते, त्यांची जागा घेत नाही.

पहिली गोष्ट हजेरीची. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा ठरवली आहे. शाळेच्या सहा दिवसांतला एकच दिवस चुकला तरी वर्षाकाठी तेहतीस दिवस जातात. कधी जत्रा, कधी मावशीकडचे लग्न, कधी धाकट्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून. प्रत्येक वेळी कारण खरे असते. पण ज्या दिवशी हातच्याची वजाबाकी शिकवली तो दिवस परत येत नाही.

दुसरी गोष्ट वाचनाची आणि हिशेबाची. 'निपुण भारत' हा कार्यक्रम सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केला, तो तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे यासाठीच. चौथीपासून पुढे मूल वाचून शिकते. ज्याला वाचताच येत नाही त्याला परिसर अभ्यासही कळत नाही आणि गणितातले लेखी उदाहरणही. हे पाहायला पालक शिकलेला असण्याची गरज नाही. मूल पाठ घडाघडा म्हणत असेल तर त्याला मधल्या ओळीवर बोट ठेवून 'इथून वाच' म्हणावे. पाठ केलेले असेल तर ते अडखळेल. घरी आलेली लग्नपत्रिका, एस.टी.ची पाटी, किराणा दुकानाची यादी त्याच्याकडून वाचून घ्यावी. बत्तीस रुपयांचा जिन्नस आणायला पन्नासची नोट द्यावी आणि परत किती यायला हवेत ते आधी विचारावे.

तिसरी गोष्ट शरीराची. फळ्यावरचे नीट दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुले 'ढ' ठरवली जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांचे पथक शाळेत तपासणीला येते. त्यात काय निघाले, चष्मा किंवा कानाची तपासणी सुचवली का, हे आपण विचारले पाहिजे. मूल शाळेतला आहार खाते की डबा तसाच परत आणते, हेही पाहावे.

चौथी गोष्ट मनाची, आणि ती सर्वांत अवघड. सकाळी पोट दुखते असे सांगणारे मूल कधी आजारी असते, तर कधी घाबरलेले असते. आपल्यातले काही पालक अजून म्हणतात, 'गुरुजी, दोन फटके द्या, आमची काही तक्रार नाही.' कायद्याच्या सतराव्या कलमाने मारणे आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. अशी परवानगी देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मूल आपले आहे, आपल्या मालकीचे नाही.

यावर काही पालक म्हणतील, 'आम्ही एम.आय.डी.सी.त पाळीवर जातो, रानात राबतो. शिकवणे शिक्षकांचे काम, आम्ही त्यात काय डोके घालणार?' हे म्हणणे खोटे नाही. दमून आलेल्या माणसाला उपदेश करणे सोपे असते. पण एवढे ध्यानात घ्यावे की शिक्षकापुढे वर्गभर मुले असतात आणि वर्ष संपले की बहुधा शिक्षकही बदलतात. पहिलीत ते मूल कसे होते, दुसरीत कुठे अडखळले आणि तिसरीत गप्प का झाले, हे सलगपणे पाहणारे माणूस घरातच असते. आपण पाहिले नाही तर ते पाहणारे दुसरे कोणी नाही.

दुसरी अडचण लाजेची आहे. ज्याचे शिक्षण अर्धवट राहिले तो बाप पालकसभेला जायला बिचकतो. शिक्षकांसमोर बोलताना आईची जीभ अडते. अशा वेळी आपण मुलाच्या आत्याला किंवा शेजाऱ्यांना पाठवतो, नाहीतर कोणीच जात नाही. पालकहो, सभेत आपली परीक्षा नसते. 'माझं मूल वाचतं का? ते वर्गात कुणाशी बोलतं? घरी आम्ही काय करावं?' हे तीन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा म्हणतो. त्या खुर्च्या आपल्यासाठी आहेत.

मात्र जाणून घेण्यालाही मर्यादा हवी. काही घरांत मुलाची रोज उलटतपासणी होते. 'किती मार्क पडले? शेजारच्या मुलाला किती?' असे विचारणाऱ्याला मुलाविषयी काही कळत नाही. कळते फक्त आपली पत किती वाढली किंवा घटली ते. अशा घरातले मूल चुका लपवायला शिकते आणि मग आपल्याला खरे काहीच ठाऊक होत नाही. मूल स्वतःहून सांगेल असे घर ठेवणे हीच जाणून घेण्याची खरी रीत आहे. 'आज कुणाबरोबर डबा खाल्लास?' या प्रश्नातून जे कळते ते कित्येकदा प्रगतिपुस्तकातून कळत नाही.

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या कोयत्यामागे लेकरेही येतात. त्यांचे शाळेचे वर्ष जूनमध्ये गावाकडे सुरू होते, दिवाळीला तुटते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत गावी जोडावे लागते. काही वर्षे कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, काही मुले तिथे आजी-आजोबांजवळ राहतात. जी येतात त्यांना जवळच्या शाळेने वयानुसार वर्गात घ्यावे, दाखल्यासाठी अडवू नये, असे कायदा सांगतो.

पण पहाटे अंधारात फडात गेलेली आई शाळेत जाऊन विचारणार कधी? तिला मुलाची काळजी नाही असे कोण म्हणेल? तिच्याजवळ वेळ नाही आणि ओळखीचे माणूसही नाही. इथे आपला प्रश्न पालकांपुरता राहत नाही. ज्या पालकाला जाणून घेणे शक्य आहे त्याने केवळ स्वतःच्या मुलाचेच जाणून घ्यावे का? आपण आपल्या मुलाला शाळेत सोडायला जातो, तेव्हा वाटेवरच्या कोपीतली मुले वासरांमागे फिरताना दिसतात. मुख्याध्यापकांना 'ही मुले पटावर आहेत का?' एवढे विचारणे, आपल्या मुलाबरोबर त्यांना शाळेत नेणे, समितीच्या बैठकीत त्यांचा विषय काढणे, याला पैसा लागत नाही. ऊस आपल्या शिवारातला आहे. तो तोडणाऱ्यांची मुले हंगामापुरती आपली शेजारी आहेत, आणि शेजारी कोण या प्रश्नाचे उत्तर प्रभूने आपल्याला फार पूर्वी दिले आहे.

म्हणून या वर्षी निकालाची वाट पाहू नये. या आठवड्यातच मुलाला जवळ घेऊन एक पान वाचून घ्यावे. अडखळले तर रागावू नये. कुठे अडखळले ते लक्षात ठेवावे आणि शिक्षकांना भेटून सांगावे. आणि शाळेतून परत येताना वाटेवरच्या कोपीत एखादे मूल बसलेले दिसले, तर त्याचे नाव विचारावे.